पेटी कोरडी आली

१९४५. अराकानचा किनारा. शत्रू दोन दिवसांपूर्वी हटला होता. सकाळी नऊला कॅप्टनचा हुकूम आला: कॅमेरा अन् त्याची पेटी घेऊन दोन शिपाई वाळूवर हजर. साहेबाला विजयाचे फोटो हवे होते. एक शिपाई मी, कुरुंद्याचा. दुसरा धावजी, शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा.

खारी हवा अन् वाळू कॅमेरा खाते. पेटी धावजीने बांधली. आत मेणकापड, वर गोणपाट, तोंडाला दुहेरी गाठ. त्याच्या आज्याने बैलांवर मिठाच्या गोण्या वाहिल्या होत्या.

"मीठ भिजलं की बैल हलका अन् मालक भिकारी," तो म्हणाला. "हा तर नुसता काचेचा डोळा हाय."

कॅप्टन शत्रूच्या मोडक्या तोफेवर पाय ठेवून उभा राहिला. मी फोटो घेतले. प्रत्येक फोटोनंतर भिंग मलमलीने पुसलं. रिळातला शेवटचा फोटो मी चोरून धावजीचा घेतला.

"आरं, टोपी तर नीट करू दे!"

वाऱ्याकडे पाठ करून रीळ बदललं. भरलेलं रीळ पेटीत गेलं, पेटी मी पुढच्या वाळूच्या उंचवट्यावर ठेवली. चूक माझी. आमी कयाधूकाठची माणसं. आभाळ कोरडं असलं की पाणी चढत न्हाई, एवढंच आमाला ठाऊक. साडेदहाला भरती आमच्या अन् पेटीच्या मधल्या सखल वाळूत शिरली.

"दॅट बॉक्स! क्विक!" कॅप्टनने धावजीकडे बोट केलं.

"साहेब, त्याला पोहता येत न्हाई. मी जातो."

"नो! यू होल्ड द कॅमेरा!"

मी कॅमेरा धरून उभा राहिलो. जाताना पाणी त्याच्या कमरेला होतं, येताना छातीला. त्याने पेटी पुढे ढकलली. लाट आली. तेव्हा कुठे मी कॅमेरा वाळूत फेकून धावलो. पेटी काठाला लागली. धावजी दुपारी सापडला.

"रोल सेफ?" कॅप्टनचा पहिला प्रश्न.

आत थेंब नव्हता.

रिपोर्ट लिहिला गेला: शिपाई हुकमाविना पाण्यात शिरला. मी साक्ष द्यायला गेलो. पलटणीच्या कचेरीतून हाकललं. वाचकहो, साम्राज्याला आमचा जीव चालत होता, आमची जबान चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, मी ते रीळ कॅप्टनच्या डोळ्यांसमोर टोकापर्यंत ओढून काढलं. उजेड लागून त्याचा सगळा विजय जळाला. धावजीही त्यातच गेला. हे ठाऊक असून केलं. अठ्ठावीस दिवस कैद भोगली. पुन्हा करीन.

सुटून आल्यावर तांड्यावर जाऊन धावजीच्या याडीला, म्हणजे आईला, सगळं सांगितलं.

"त्या साहेबाचा एकबी फोटो ऱ्हायला न्हाई?"

"न्हाई, याडी."

"बराबर केलंस. पण माह्या लेकराचं तोंड लिहून ठेव. त्याच्या बहिणी आतापासूनच भांडून राहिल्या, खळी कोन्या गालाला होती म्हणून."

लिहितो. खळी उजव्या गालाला. डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाचा वण. पुढचा एक दात अर्धा. वय बावीस. तो हुकमानेच पाण्यात गेला.