धनेशावरचा आळ

आमच्या घरात धनेश पक्ष्याचं नाव निघालं की आक्का दाजींकडं बघते आणि दाजी चहाच्या कपात बघतात. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यापासून हा खेळ चालू आहे. त्या पाखराचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. मी बोललो नाही. मी मुळात बोलतो कमी. लोक त्याला स्वभाव म्हणतात, आणि मी म्हणू दिलं.

मोठा दुष्काळ सरला होता. आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कुंडलजवळच्या आमच्या वस्तीवर आली होती. दाजी मिलिटरीत, तिकडं लांब सीमेवर. मुलगा झाल्याची तार गेली, पण रजा मिळेना. आईनं आक्काला बाळंतिणीच्या खोलीत बसवलं. कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, दाराला घोंगडं. मोकळी म्हणावी अशी एकच खिडकी, तीही परसाकडची.

त्या खिडकीतून दोन झाडं दिसायची. जवळ जुना निंब, पलीकडं उंबर. निंबाच्या ढोलीत धनेशाच्या मादीनंही त्याच सुमाराला स्वतःला कोंडून घेतलं होतं. तोंड लिंपून बंद, चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवलेली. ती आत अंड्यांवर बसणार आणि नर बाहेरून भरवणार. नर उंबरावर जायचा, गळ्यात उंबरं साठवून यायचा आणि एकेक वर काढून फटीतून आत द्यायचा.

"आक्के, दाजी आलं बघ," मी परसातून ओरडायचो.

"येऊ दे. ह्यो दाजी तरी येतोय," आतून आक्का.

"गप गं," आई शेगडीत ओवा टाकत म्हणायची. "पाखराला रजा मागावी लागती व्हय?"

"मग आज ह्याचीच दिष्ट काढ."

मी नुकताच कराडहून शेतीचा कोर्स करून आलो होतो. घरात नवा फवारणीचा पंप आला होता. तो पाठीला लावून मी कसा चालायचो, याची नक्कल आक्का अजून करते.

उंबरावरची पिकलेली फळं सरत आली होती आणि खोडावर नवी हिरवी उंबरं हरभऱ्याएवढी लगडत होती. संध्याकाळी चिमणी लावली की बारीक किडे खोलीत शिरायचे आणि बाळाच्या तोंडावर बसायचे. आक्का वैतागली. उंबर फोडून बघायचं नसतं, तसंच तोंडात टाकायचं, ही आमच्याकडची रीत. मी शिकलेला, मी फोडलं. आतून किडे भुरुभुरु उडाले.

"ह्यो बघ कारखाना," मी म्हणालो. "औषध मारून टाकतो."

"दत्ताचं झाड हाय ते," आई म्हणाली. "कुऱ्हाड लावत न्हाई आपण त्याला."

"कुऱ्हाड कुठं लावतोय? औषध देतोय."

आईनं जरा विचार केला. "मग दे. पर पायातलं काढून दे."

मी चपला काढल्या, झाडाला नमस्कार केला आणि खोडापासून फांद्यांपर्यंत उंबराला न्हाऊ घातलं. खोलीतले किडे गेले. आक्का म्हणाली, "शिकल्याचं सार्थक झालं बाबा."

पुढच्या काही दिवसांत हिरवी उंबरं पिवळी पडून गळायला लागली. फुगायच्या आधीच. सकाळी आई ती झाडून काढायची आणि उन्हाला बोल लावायची. पुढं शेतकी खात्यात नोकरी लागल्यावर एका पुस्तकात मला कारण सापडलं. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. तो बारका किडा आत शिरतो तेव्हाच ती फळतात, आणि किड्याचीही पोरं तिथंच वाढतात. तो आला नाही तर झाड फळ धरून ठेवत नाही. पण खरं सांगतो, पुस्तकाची गरज नव्हती. गळलेली उंबरं बघितली तेव्हाच मी पंप धुऊन माळ्यावर टाकला होता.

नर रिकाम्या उंबरावर बसायचा, मान वाकडी करून बघायचा आणि लांब उडून जायचा. कधी सरडा आणायचा, कधी नाकतोडा. खेपा कमी होत गेल्या.

"आज सकाळधरनं फिरकला न्हाई मेला," आक्का खिडकीशी बसून म्हणायची. तिचं दूध पिणारं पोर मांडीवर, आणि नजर त्या फटीवर.

मी सायकलवरून नदीकाठच्या उंबराची फळं बादलीभर आणली आणि परसाच्या भिंतीवर मांडली. कावळे, साळुंक्या, खारी, सगळी पंगत जेवून गेली. ज्याच्यासाठी मांडली तो तेवढा आला नाही.

एका दुपारी मादी दार फोडून बाहेर आली. पिसं विस्कटलेली, धड उडता येईना. फांदीफांदीनं सरकत ती निघून गेली. मी शिडी लावून ढोलीत हात घातला.

"काय हाय रं आत?" आक्कानं खिडकीतून विचारलं.

"काय न्हाई. अंडी वांझ निघाली."

त्याच आठवड्यात दाजींची कशीबशी मंजूर झालेली रजाही रद्द झाल्याचा निरोप आला. आक्कानं दोघांचा निकाल एकदम लावला. "पुरुषाची जात! कोंडून घालायचं आन पळायचं." तेव्हापासून दाजी कपात बघतात.

परवा भाच्याच्या लेकीचं बारसं झालं. पाहुणे गेल्यावर आक्कानं पुन्हा धनेश काढला आणि माझ्या तोंडून एकदाचं निघून गेलं. किडे, औषध, गळलेली उंबरं, सगळं.

दाजींनी कप खाली ठेवला. "आरं गड्या, म्हंजी माझा कोर्टमार्शल चुकीचा झाला म्हन की!"

"आवं, पाखराची माफी मागते मी," आक्का म्हणाली. "तुमची न्हाई. तुमच्या पलटणीतल्या उंबराला कुणी औषध मारलं न्हवतं."

सगळे हसले. मीही हसलो. मग दाजी उठून बाहेर गेले आणि आक्का ताटं गोळा करता करता माझ्याशेजारी थांबली.

"पिल्लं हुती न्हवं?"

"हुती. दोन."

"म्हाईत हाय. निंबाखाली पुरत हुतास तवा खिडकीतच हुते मी." तिनं माझं ताट उचललं. "मला वाटलं, वली बाळंतीण म्हनून मला जपतोय गुणी भाऊ. तू सोताला जपत हुतास व्हय रं?"