संकलन बंद राहील

गावात मला तोंडावर ‘डेअरीवाले’ म्हणतात आणि पाठीमागे ‘नियमवाला’. हे दुसरं नाव मला मनातून आवडायचं. माथेरानच्या डोंगराखाली, खालापूर तालुक्यात आमचं गाव. तिथे मी बऱ्याच वर्षांपासून दूध संकलन केंद्र चालवतो. गावाचं आणि वरच्या वाड्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे येतं. मशीन त्याचं माप आणि फॅट काढतं, आणि दूध टेंपोने मोहोपाड्याकडे जातं. आम्ही नवरा-बायको दोघंच हे सगळं बघतो.

आधी मापाच्या चिठ्ठ्या द्यायचो. चिठ्ठी भिजायची, म्हैस खायची, आणि मग फॅटवरून माझ्याशी भांडण. म्हणून मोबाईलवर मेसेज सुरू करायचं ठरवलं. मला वाटलं, त्यात काय, उचलला फोन नि पाठवला. पण धंद्याच्या नावाने मेसेज पाठवायचा तर आधी धंद्याची नोंदणी लागते, मग मेसेजवर दिसणाऱ्या नावाला मंजुरी, मग मजकुराला मंजुरी. मंजूर मजकुरात मोकळ्या जागा असतात, तेवढ्याच आपण भरायच्या. बाहेरचा एक शब्द घातला की मेसेज अडतो. आणि ज्याला पाठवायचा, त्याची परवानगी आधी घ्यायची. मी घरोघर फिरून ती घेतली. एक म्हातारी म्हणाली, “माज्या म्हशीचा मेसेज मला यील व्हय? मंग पाठव की रं!” तो आठवडा फार मजेत गेला.

माझे दोनच मजकूर मंजूर झाले. पहिला रोजचा: दूध इतकं, फॅट इतकी. तो मशीन आपला आपण ज्याचा त्याला पाठवतं. दुसरा क्वचितचा: ‘आजचे संध्याकाळचे दूध संकलन बंद राहील. कारण’ आणि पुढे दोन-तीन शब्दांपुरती मोकळी जागा. हा एकदम सगळ्यांना जातो. गणपती विसर्जनाला तो पाठवला होता.

लोकांना याचा वास लागायला वेळ लागला नाही. शेलूकडचे प्लॉट विकणारा एक एजंट मिठाई घेऊन आला, म्हणाला, एकदाच जाऊ द्या आपला मेसेज. मी मिठाईसकट त्याला परत पाठवला. निवडणुकीला उभे राहणारे एक जण येऊन खांद्यावर हात टाकून बसले. त्यांना मी चहा पाजला आणि मेसेज दिला नाही. लोकांनी मला नंबर दुधासाठी दिलेत, तुमच्या फोटोसाठी नाही, असं सरळ सांगितलं. ते वर्षभर माझ्याकडे बघत नव्हते.

पण याचं फळ मला दिसत होतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये कर्जाचे, लॉटरीचे, रिचार्जचे मेसेज नुसते साचलेले असायचे. ते कोणी उघडत नसे. डेअरीचा मात्र उघडायचे, कारण त्यात दुधाशिवाय काही नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या घरामागे माझा बालमित्र राहतो. त्याची धाकटी बहीण वरच्या वाडीत दिलेली. तिच्याकडे दोन म्हशी. दूध सकाळच्या टेंपोने माझ्याकडे येतं. ती शाळेत गेली नाही, पण आकडे वाचते, आणि डेअरीच्या नावाची ठेवण डोळ्यांनी ओळखते. तेवढाच मेसेज ती उघडते. त्यात आकड्यांशिवाय काही दिसलं तर शेजारच्या सुनेकडून वाचून घेते.

मित्राची आई गेली ती गवत कापणीच्या दिवसांत, पहाटे. म्हातारी तशी थकली होती, पण जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. टेंपो वरचं दूध घेऊन खाली आल्यावर मला केंद्रावर कळलं. मी संकलन उरकून त्याच्या अंगणात गेलो. बहिणीला फोन लावायचं चाललं होतं. वाडीवर रेंज धड नसते, फोन लागतच नव्हता. त्याच्या मुलाने दोनदा मेसेज टाकले. मी माझी मोटरसायकल देऊन एकाला वर पिटाळलं. तो परत आला तो एकटाच. घराला कडी, नवरा-बायको गवताला गेलेली, कुठल्या माळावर ते वाडीत कोणालाच सांगता येईना.

आमच्याकडे लेकीने तोंड बघितल्याशिवाय आईला उचलत नाहीत. लेक येईस्तोवर थांबतात. पण थांबायलाही काही हद्द असते. दुपार व्हायला आली तशी वडीलधारी मंडळी कुजबुजायला लागली.

मित्राने मला गोठ्याच्या बाजूला नेलं.

“माळावर फोन लागत नाय, पन मेसेज पडतो,” तो म्हणाला. “आमचे मेसेज ती उघडायची नाय रं. तुजा उघडंल. तू पाठव.”

“मला दुधाशिवाय दुसरं पाठवता येत नाय.”

“तो गणपतीचा पाठवलास तो? त्यात लिव. संकलन बंद, कारण आमची आय गेली.”

“पण संकलन बंद नाय ना!”

“मंग ठेव बंद एक वक्ताला.”

मी त्याला समजावत राहिलो. तो मेसेज तिला एकटीला जात नाही, सगळ्यांना जातो. सगळ्यांचं संध्याकाळचं दूध घरी राहील. म्हशी काही थांबत नाहीत, दूध नासेल. आणि आज तुझ्यासाठी केलं तर उद्या प्रत्येक मयताला माझ्या दारात माणूस उभा राहील, कोणाला नाही म्हणू? मग तक्रार होईल, मेसेज कायमचा बंद पडेल. मी बोलत होतो त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तो माझ्याकडे बघत उभा होता. आमच्या दोघांच्या मधोमध म्हातारीने आदल्या दिवशी थापलेल्या गोवऱ्या वाळत होत्या.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला आणि आत गेला.

म्हातारीला नेलं तेव्हा मी खांदा दिला. संध्याकाळी केंद्र वेळेवर उघडलं. दूध घेत असताना रस्त्याकडून बाईचा हंबरडा ऐकू आला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. बहीण घरी परतल्यावर तिला कळलं होतं, आणि ती तशीच, गवताची कुसळं लुगड्याला घेऊन धावत आली होती. तोवर स्मशानातून माणसं आंघोळ करून परतली होती.

त्यानंतर मित्र माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. रोज कॅन घेऊन यायचा, ठेवायचा, मशीनच्या आकड्याकडे बघायचा आणि जायचा. लहानपणी आम्ही दोघं एका ताटात जेवलेलो आहोत. माझी बायको एकदा म्हणाली, जाऊन बोला त्याच्याशी. काय बोलू? माझं चुकलं म्हणावं तर मला तसं वाटत नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही. पण रोज सकाळी त्याची पाठ वळली की पुढच्या कॅनचं माप मी दोनदा बघायचो.

पुढच्या पावसाळ्यात माझी आई गेली. भाताची लावणी चालू होती. सकाळचा चहा पिऊन ती भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. मी तिला हाक मारली, हलवलं, पुन्हा हाक मारली. या वयात आई जाणं काही जगावेगळं नाही, असं लोक म्हणतात. मला ते म्हणणाऱ्यांचा राग येतो. घरात मला ‘अरे’ म्हणणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, संध्याकाळी दूध कोण घेणार? खरंच कोणी नव्हतं. केंद्र बंद ठेवावंच लागणार होतं. मी ओट्यावर बसून फोन काढला. ‘आजचे संध्याकाळचे दूध संकलन बंद राहील. कारण’. पुढच्या जागेत मी लिहिलं, ‘आईचे निधन’. नियमात अगदी बसलं. कुठे एक अक्षर बाहेर गेलं नाही. मेसेज गेला.

आणि लोक आले. चिखलातून, लावणी टाकून, इरली घेऊन आले. वरच्या वाड्यांतली माणसं टेंपोत उभी राहून आली. मी कोणाला एकही फोन केला नव्हता. मित्र सगळ्यांच्या आधी आला होता. माझ्याशी न बोलता त्याने बांबू तोडले आणि तिरडी बांधायला बसला. त्याचे हात बघून मला पहिल्यांदा रडू फुटलं.

त्याची बहीणही आली. आईला आंघोळ घालायला बायकांत तीच पुढे होती. तिने आईचे केस विंचरले, कपाळ पुसलं, बराच वेळ तोंडाकडे बघत राहिली. मग बाहेर येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसली. तिचे हात ओले होते.

“दादा, तुजा मेसेज आला. शेजारच्या सुनंनं वाचला नि मी तशीच निंगाली,” ती म्हणाली. “तोंड बघाया मिळालं.”

मी मान हलवली.

पदराला हात पुसत ती म्हणाली, “आमची आय गेली त्या दिवशी बी तुजा मेसेज आलता. माळावर, गवत कापताना. मी उघडून बघितला. साडेतीन लिटर दूध. फॅट बी बरी लागलेली. मला बरं वाटलं, नि फोन कमरंला खोचून मी परत कापाया बसले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिला नियम सांगितला असता.