तळहातावरची दही-साखर

"ए बाई, पोरीला झोपेचं औषध द्यायचंय. अन् तू खाऊ घालून आणलीस? अक्कल गहाण ठेवली का?"

जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात, एमआरआयच्या दारात, सगळ्या रांगेसमोर मशीनवरचा साहेब मला असं बोलला. पोरगी कडेवर. तिच्या हाताला अजून दह्याचा वास.

पोरीला झटके येतात. मागच्या झटक्यापासून डावा हात उचलत नाही. मेंदूचा फोटो निघाल्याशिवाय डॉक्टर पुढचं काही ठरवत नाहीत. पहिली तारीख कापसाच्या वेचणीपायी हुकली. मालकीण म्हणाली होती, "आज गेलीस तर उद्या येऊच नको." दिवसभर वेचत होते आणि आतल्या आत जळत होते.

या वेळी मालकिणीच्या पाया पडून सुट्टी मिळवली. वडीगोद्रीहून पहिली एसटी धरली. निघताना सासूनं पोरीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "खा माय, काम व्हईल." चांगल्या कामाला आमच्यात कुणी तसंच निघत नाही. साहेबानं विचारलं, काही खाल्लं का? मी हौसेनं सांगितलं, दही-साखर खाऊन आलीय. मग त्यानं तोंड सोडलं.

"जा, पुढची तारीख घे. तुम्हा लोकांना फुकटाची किंमतच नाही."

मान खाली घालून वळले. सवयच ती. तेवढ्यात पोरगी कानाशी म्हणाली, "आई, म्या दही खायला नको व्हतं का?"

माझं डोकंच फिरलं. परत वळले.

"साहेब, उपाशी आणायचं मला कुणी सांगितल्तं?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. "तिथं लिहिलंय."

"ते इंग्रजीत हाये. मी सातवी शिकलेय. मराठीत लिवा, वाचीन."

"तुझ्यासाठी बोर्ड बदलू?"

"हौ. बदला."

तो हसला. रांगेतलं कुणी हसलं नाही. एका बाईनं आपल्या लेकराच्या हातातला बिस्किटाचा पुडा हळूच काढून घेतला.

बोर्ड तसाच आहे. तारखा देतात त्या खिडकीपाशी थांबून मी एकेका बाईला सांगितलं, लेकराला उपाशी आणा. मला मिळालेली तारीख परत भर वेचणीतली. तोवर झटका आला तर काय करायचं, कुणी सांगत नाही.

सासूला सांगितलंय, दही-साखर आता दवाखान्यातून घरी आल्यावर.

मालकिणीला आता सुट्टी मागणार नाही. सांगून जाणार आहे. काम गेलं तर जाऊ दे.