साहेब आराम करताहेत

“माय, बाळ हलूनच नाई राह्यलं वो,” आंजीहून आलेली बाई पोटावर हात ठेवून आईला हळूच म्हणाली.

आमचे भूलतज्ज्ञ सर तिच्याच खाटेशी उभे राहून आम्हा शिकाऊ डॉक्टरांसमोर परिषदेतल्या भाषणाची तालीम करत होते. पोटातल्या बाळाला रक्त चढवताना ते हलू नये, म्हणून त्याला नुकतंच स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं.

सर बाळाला अहोजाहो करतात. “साहेब, जरा टोचेल हं,” असं पोटाकडे वाकून सांगतात. बाळाच्या आईला मात्र काहीच सांगत नाहीत. साहेबांच्या बंगल्याच्या भिंतीशी कोण बोलतं?

“औषध उतरेपर्यंत हालचाल शून्य,” सर खुशीत इंग्रजीत म्हणाले. बाईची आई रडायला लागली, तेव्हा ते मराठीत आले. “गोंगाट नको. साहेब आराम करताहेत.”

सरांपुढे मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी त्यांना मध्येच तोडून म्हणाले, “ताई, बाळाचे ठोके चांगले आहेत. हलू नये म्हणून त्याले औषध दिलंय. ते उतरलं की हलन.”