अहमदीच्या क्रॉसचं वजन

आधीच सांगतो, भूत, देव, नजर, करणी यांतलं मी काहीही मानत नाही. आजही मानत नाही. हे वाचून ज्याला 'शेवटी पटलं ना?' असं म्हणायचं असेल त्यानं इथेच थांबावं. मी पुण्याचा सिव्हिल इंजिनिअर. कुवेतमध्ये अठरा वर्षं काढली आणि त्यातल्या एका सकाळी जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय... बस.

आखाती युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. अहमदी हे तेल कंपनीनं वसवलेलं गाव – रांगेनं बंगले, निलगिरीची झाडं, हिरवळीवर फिरणारे स्प्रिंकलर. तिथे एक छोटं चॅपल आहे आणि त्याच्या आवारात पुरुषभर उंचीचा दगडी क्रॉस. महायुद्धात गेलेल्यांची नावं त्यावर कोरलेली. क्रॉसचा चौथरा एका अंगाला खचला होता. नोव्हेंबरात तिथे फुलं वाहायचा चॅपलवाल्यांचा कार्यक्रम असतो. त्याआधी क्रॉस उचलून बाजूला आडवा ठेवायचा, चौथरा नवा बांधायचा आणि क्रॉस परत उभा करायचा, हे काम माझ्याकडे आलं.

क्रेनवर सावळाराम होता, मालवणकडचा, पन्नाशीचा माणूस. कुठलंही वजन उचलण्याआधी तो केबिनमधून खाली उतरून गाऱ्हाणं घालायचा. कोकणात काम सुरू करताना देवाला मोठ्यानं साकडं घालतात, तेच. एरवी मी दुर्लक्ष करायचो. त्या दिवशी मात्र चॅपलची चार माणसं बघायला आली होती आणि मला लाज वाटली.

"सायबानू, आधी गाऱ्हाना घालूक व्हया," तो म्हणाला.

"हा तुझ्या गावचा देव रवळनाथ नाहीये," मी म्हणालो. "वर चढ. उशीर होतोय."

तो केबिनमध्ये चढला. सांगायला हवं, माझं बोलणं उद्धटपणाचंच होतं.

क्रॉसचे बोल्ट आदल्या दिवशीच कापले होते. दगडाखालून मी हॅकसॉचं ब्लेड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं होतं. कुठेही अडकलं नाही. म्हणजे क्रॉस पूर्ण मोकळा. हिशेबानं वजन सातशे किलो. सावळारामनं दोर ताणला आणि केबिनमधल्या लोड इंडिकेटरनं दाखवलं... चार टन. अलार्म वाजला आणि क्रेन आपोआप थांबली. क्रॉस तसूभरही हलला नव्हता.

क्रॉसला बांधलेले पट्टे काढून परत बांधले. चार टन. खालून पुन्हा ब्लेड फिरवलं, सुळकन गेलं. तिसऱ्यांदाही चार टन.

माझं डोकं तापलं. अशा वेळी अलार्म बंद करून जबरदस्तीनं उचलायची एक चावी असते. ती फिरव, म्हणून मी ओरडलो. सावळारामनं चावी काढली आणि खिशात टाकली.

"चावी मी देवचंय नाय. खाली तीन माणसा उभी आसत, सायबानू."

आमचे तीन मजूर खरंच खाली उभे होते. क्रॉस आडवा ठेवायला जिथे लाकडी स्लीपर टाकले होते, तिथेच, दोऱ्या धरून.

शेवटी मी क्रेन आणखी जवळ घ्यायचं ठरवलं. त्यासाठी स्लीपर हलवावे लागले. तिसरा स्लीपर उचलला तेव्हा खालच्या वाळूत एक गोल धातूची कड दिसली. सगळ्यांना मागे पळवलं. बॉम्ब पथकानं येऊन ती वस्तू उकरून नेली. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग होता तो, इराकी सैन्य इथे होतं तेव्हाचा, जिवंत. माणसाच्या किंवा स्लीपरच्या वजनानं तो उडत नाही. क्रॉस त्यावर टेकला असता तर उडाला असता.

तिन्ही मजूर मी पुन्हा पुन्हा मोजले, हे कबूल करतो.

त्याच संध्याकाळी यार्डात मी तीच क्रेन, तेच पट्टे घेऊन दोन टनांचा टेस्ट ब्लॉक उचलायला लावला. इंडिकेटरनं बरोबर दोन टन दाखवले. दुसऱ्या दिवशी सावळारामनं आधी गाऱ्हाणं घातलं. मी अडवलं नाही. "काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा..." मजूर उत्तर भारतातले, पण तेही सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणाले. क्रॉस उचलला. सातशे किलो. गाऱ्हाण्यामुळे तो हलका झाला असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर भांडेन.

खरी कसोटी पुढेच होती. चौकशीच्या फॉर्ममध्ये 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. सेफ्टीचे साहेब म्हणाले, "इंडिकेटर नादुरुस्त, असं लिही आणि मोकळा हो." पण रोज सकाळी क्रेन तपासून सही करायचं काम सावळारामचं. इंडिकेटर नादुरुस्त लिहिलं की त्याची सही खोटी ठरणार, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द होणार आणि तो आठवड्यात घरी जाणार. गावाकडे दोन मुली कॉलेजात होत्या. ज्यानं चावी खिशात टाकून तीन जीव वाचवले, त्यालाच मी घरी पाठवायचं?

मी लिहिलं – कारण सापडलं नाही. फॉर्म परत आला. पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तू इंजिनिअर आहेस की मांत्रिक?"

"इंजिनिअर आहे, म्हणूनच मशीनवर खोटा आळ घेणार नाही," मी म्हणालो.

सावळारामची नोकरी राहिली. माझं प्रमोशन मात्र गेलं ते गेलंच. त्याच ग्रेडवर रिटायर झालो. बायको अजून टोमणा मारते. मारू दे.

दोन हजार चारमध्ये कुवेत सोडताना सावळारामचा फोन आला. तो तोवर गावी परतला होता. "सायबानू, जाताना थयसर एकदा हात जोडून येवा."

गेलो. भर सकाळ होती, स्प्रिंकलर चालू होते. क्रॉस सरळ उभा होता, आमच्याच चौथऱ्यावर. मी सगळी नावं वाचली. हात जोडले नाहीत. हेल्मेट काढून थोडा वेळ उभा राहिलो, एवढंच.

बोल्ट अडकला असेल, वारा असेल, सेन्सर गरम झाला असेल... मित्रांनी सगळं सांगून झालंय. मी सगळं तपासलंय. तो फॉर्म आज पुन्हा समोर ठेवलात तरी त्या रकान्यात मी तेच लिहीन आणि खाली सही करीन.