भावकीचा दुजोरा

आमच्या घरात कोणाचं काही चांगलं झालं की माझे धाकटे दीर त्याचा फ्लेक्स लावतात. त्यांचं कर्जत स्टेशनजवळ फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे हे सगळं त्यांना फुकटात पडतं आणि आम्हाला महागात. पुतणी दहावी पास झाली तेव्हा भिसेगावच्या नाक्यावर तिचा एवढा मोठा फोटो लागला की ती बिचारी तो उतरेपर्यंत मागच्या गल्लीतून ये-जा करत होती.

त्यामुळे माझी नोकरी गेली आणि नवी शोधायची वेळ आली, तेव्हा माझं ऑनलाइन प्रोफाइल कोण बनवणार हा प्रश्नच नव्हता.

मी मोहोपाड्याला रसायनांच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. प्रॉडक्शनवाले माल बनवायचे, लॅबमध्ये आम्ही तिघी तो तपासायचो. बरोबर निघाला तर ड्रमवर हिरवं लेबल, नाही निघाला तर लाल. बारा वर्षं मी हेच केलं. मग मालकांनी कारखाना गुजरातला हलवला. ज्यांना जमलं ते गेले. मला जमणार नव्हतं. मुलगी नववीत, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, नवऱ्याचं किराणा दुकान भिसेगावात.

"दिवाळीपर्यंत बघ," नवरा म्हणाला. "नाहीच मिळालं तर दुकानात बस. मलाही माणूस हवाच आहे."

यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला दुकानात बसायचं नव्हतं. साखर मोजून देण्यात कमीपणा नाही. मला मात्र ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत रंग कधी बदलतो हे बघत उभं राहायला आवडायचं. त्या एका थेंबासाठी सगळा कारखाना थांबलेला असायचा. मला माझी लॅब परत हवी होती आणि दिवाळी फार लांब नव्हती.

"वहिनी, तुमी फक्त फोटो द्या. बाकी आमी बघतो," भाऊजी म्हणाले.

मी फोटो दिलाच नाही, तरी त्यांनी घेतला. नणंदेच्या लग्नातला. नथ तशीच ठेवून माझ्या खांद्यावरचा नवऱ्याचा हात तेवढा पुसून टाकला होता. मागे कुठल्यातरी परदेशातली लॅब लावली होती, निळ्या पाण्याने भरलेल्या चंबूंची. आमच्या लॅबमध्ये निळं असं काही नव्हतं, ओव्हनचं दार सोडलं तर. फोटोखाली इंग्रजीत मी उत्साही, दूरदृष्टीची आणि नेतृत्वगुणांनी संपन्न असल्याचं लिहिलं होतं.

"भाऊजी, आम्ही लॅबमध्ये तिघी. त्यातली मी मधली. नेतृत्व कोणाचं केलं मी, ओव्हनचं?"

"वहिनी, बॅनरवर कोण लहान दिसायला येतं का? समदे असंच लिवतात."

मला ते हसण्यावारी न्यायला नको होतं. पण नोकरी शोधण्याच्या त्या साइटवर खरंच सगळ्यांचं तसंच होतं, म्हणून मी गप्प बसले. मग भाऊजींनी भावकीच्या ग्रुपवर निरोप टाकला की वहिनींना पाठिंबा द्या. त्या साइटवर आपली कौशल्यं लिहायची असतात आणि ओळखीच्यांनी त्यांना दुजोरा द्यायचा असतो. आमच्या भावकीला पाठिंबा द्या म्हटलं की कशाला हे विचारायची सवय नाही. ज्यांचं खातं नव्हतं त्यांनी उघडलं. भाताची गिरणी चालवणाऱ्या चुलतसासऱ्यांनी माझ्या गॅस क्रोमॅटोग्राफीला दुजोरा दिला. खाली अभिनंदनांची रांग लागली, फुलं, वाघ, आणि एकाने तर 'वहिनींचा नाद नाय करायचा' असंही लिहिलं. मी अजून कुठे लागले नव्हते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अर्ज मी बरेच केले. बोलावणं एकच आलं, खालापूरच्या एका औषधं बनवणाऱ्या कंपनीचं. लॅबच्या प्रमुख बाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडा होता. त्यावर माझी नथ मला इकडूनही दिसत होती.

"एवढ्या लोकांनी तुमच्या कामाला दुजोरा दिलाय," त्या म्हणाल्या. "यातलं तुमच्याबरोबर काम कोणी केलंय?"

मी आठवून बघण्यासारखं काही नव्हतं. "कोणीच नाही. सगळे नातेवाईक आहेत."

त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. "मग तुम्ही नेमकं काय करत होतात ते सांगा."

मी सांगितलं. काय काय तपासायचो ते सांगितलं. गाडी गेटवर उभी असली आणि वरून फोन येत असले तरी लाल लेबल कसं लावावं लागतं ते सांगितलं. मग सॅंपलचं सांगितलं, कारण लॅबचं खरं दुखणं तेच असतं. सॅंपल आणून देणार प्रॉडक्शनवाले. बॅच बिघडली की आधीच्या चांगल्या ड्रममधलं भरून आणणारे असतात. आपण तपासतो, उत्तर बरोबर येतं, आणि खराब माल हिरवं लेबल लावून बाहेर जातो. त्यामुळे बाटलीच्या आधी बाटली आणणाऱ्याला तपासावं लागतं.

"हे यात कुठेच कसं नाही?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी आहे. तुम्ही सांगितलंत त्याला दुजोरा देणारं एक माणूस मला हवं. मैत्रीण नको."

परतीच्या बसमध्ये मी भाऊजींवर मनातल्या मनात इतकी चिडले की उतरायचा थांबा मागे गेला. घरी येऊन सगळं पुसलं. निळे चंबू गेले, दूरदृष्टी गेली. मुलीने मला अंगणात साध्या साडीत उभं करून फोटो काढला. बाईंना जे तोंडी सांगितलं तेच माझ्या साध्या इंग्रजीत लिहिलं, चूक झाली तर आपली म्हणून. भावकीचा दुजोराही काढला. संध्याकाळीच चुलतसासऱ्यांचा सासूबाईंना फोन आला, आमचं असं काय चुकलं म्हणून. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि मी त्यांना गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय ते समजावत बसले. त्यांचं समाधान झालं नाही. दिवाळीला फराळ पाठवू नका म्हणाले.

राहिलं ते एक माणूस. लॅबमधल्या दोघी गोड लिहिणार, आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. शिवाय बाईंनी मैत्रीण नको असं सांगितलेलंच होतं. माझं काम खरोखर कोणी पाहिलं असेल, तर ते प्रॉडक्शनच्या शिफ्ट इनचार्जनी, कारण माझी बहुतेक लाल लेबलं त्यांच्याच मालावर लागली होती. ते खालापूरच्याच बाजूच्या एका गावातले, आता गुजरातला गेलेले. आमचं रोज वाजायचं. ते लॅबच्या दारात येऊन ओरडायचे, "मॅडम, टेंपो उभा हाय, सोडा की आता," आणि मी मान वर न करता "थांबा" म्हणायचे. निरोप समारंभात आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो.

दोन दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. शेवटी केला.

"मॅडम, तुमी? आता काय लाल लावायचं राहिलंय?"

मी सगळं सांगितलं.

"मी लिवलं तर नोकरी मिळायची नाय तुमाला."

"खरं असेल ते लिहा."

"खरंच लिवणार. मला खोटं जमत नाय."

आठवडा गेला. मी समजून गेले की नाही लिहीत ते. नवऱ्याने दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. चांगली होती, पाठीला उशी असलेली. ती बघून मला रडू आलं आणि त्याला वाटलं मला रंग आवडला नाही.

मग एका दुपारी ते आलं. इंग्रजी प्रोफाइलच्या मधोमध मराठीत.

'या मॅडमबरोबर मी काम केले. आमचे कधीच पटले नाही. गाडी गेटवर उभी असताना त्यांनी माझ्या बॅचेस अडवल्या. मी खूप भांडलो. एकही उगाच अडवली नाही.'

भाऊजी तेव्हा घरीच होते. "वहिनी, हे काढा पयलं. पटले नाही म्हणतोय तो. असं कोण लिवतं का?"

मी काढलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं. बारा वर्षांत माझ्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललेलं नव्हतं.

खालापूरच्या बाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे गृहस्थ अजून बोलतात का तुमच्याशी?" मी म्हटलं, कामापुरतं. दिवाळीच्या आधीच मी रुजू झाले. लॅब लहान आहे, एसी कुरकुरतो, ब्युरेट मात्र नवी आहे. दुकानातल्या त्या खुर्चीवर सासूबाई बसतात आणि उधारी मागणाऱ्यांना परत पाठवतात. नाक्यावर फ्लेक्स लागला नाही. मी भाऊजींना तशी शपथच घातली होती.

शिमग्याच्या सुमाराला शिफ्ट इनचार्जचा फोन आला. वडील गावी एकटे पडले होते आणि त्यांना परत यायचं होतं. आमच्याच कंपनीच्या प्रॉडक्शनमध्ये जागा निघाली होती.

"मॅडम, दोन ओळी लिवा माझ्याबद्दल. पण खरं लिवा हां."

मी त्याच संध्याकाळी बसले. आधी सगळं रागाचंच आठवत राहिलं. दारातलं ओरडणं, टेंपो, एकदा आपटलेलं दार. नवऱ्याने हाक मारली तरी उठले नाही. मग मला त्यांच्या बाटल्या आठवल्या. बॅच बिघडली आहे हे त्यांना माझ्या आधी कळलेलं असायचं. तरी ते त्याच बॅचची बाटली स्वतः घेऊन यायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि भांडायला उभे राहायचे.

मी लिहिलं: 'यांचं माझं कधीच पटलं नाही. हे दारात उभे राहून ओरडतात. यांच्या बॅचेस मी अनेकदा नापास केल्या. त्या करता आल्या, कारण यांनी सॅंपल एकदाही बदललं नाही.'