इथं आलो, सात

मी प्रोग्रामर झालो तो जालन्यात, एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत सहा महिन्यांचा कोर्स करून. त्यामुळं मोठमोठ्या गोष्टी मला विचारू नका. प्रोग्राममधली चूक शोधायला तेव्हा म्हणे वेगळी हत्यारं निघाली होती, पण आमच्या कारखान्यातलं मशीन ती चालू केली की गपगार बसायचं. मंग आपला गावठी इलाज. त्या भाषेत प्रश्नचिन्ह टाकून पुढं काही लिहिलं की ते जसंच्या तसं उमटायचं. प्रोग्रामच्या प्रत्येक वळणावर मी इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवायचो : इथं आलो एक, इथं आलो दोन. जिथं उमटायचं थांबलं, तिथं घोटाळा. पाटाचं पाणी कुठं फुटलं ते बघत माणूस कडेकडेनं चालत जातो, तसंच. काम झालं की त्या ओळींपुढं चांदणीची खूण टाकायची, म्हणजे त्या झोपायच्या, मशीन त्यांना ओलांडून जायचं. पुसायचो मात्र कधीच नाही. आळस, दुसरं काय.

नव्वदीची अखेर होती. घनसावंगीकडच्या एका साखर कारखान्यात मी एकटाच कंप्युटरवाला. काम एकच, ऊसतोडणीचा क्रम लावायचा. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. पूर्वी हा क्रम वहीत लिहायचे, आणि वहीवाल्याला चहा पाजणाऱ्याचा नंबर बराबर वर सरकायचा. कंप्युटर आला तेव्हा लोक म्हणाले, सुटलो बुवा, मशीनला कोण चहा पाजणार?

मी पाजला. दादा, म्हणजे माझे वडील, रोज जेवताना एकच पालुपद लावायचे, की पोरगा कारखान्यात आणि बापाचा ऊस उभा, लोक हसून राह्यले. शेवटी वैतागून मी दादांच्या सभासद नंबरासाठी एक अट घातली : याची लागण चाळीस दिवस जुनी धरावी. अट नीट चालते का बघायला तिथंही एक प्रश्नचिन्हाची ओळ टाकली, मग चांदणी. दादांचा ऊस डिसेंबरातच तुटला. आठ दिवस ते पारावर बसून कंप्युटरची तारीफ करत होते.

फेब्रुवारीत माझी चुलती आली. तिला मी काकू म्हणतो. काका अंथरुणाला खिळलेले, सगळी शेती तिच्याच अंगावर. तिची लागण दादांच्याही महिनाभर आधीची. उसाला तुरे आलेले, विहिरीनं तळ गाठलेला, आणि यादीत तिचं नावच नाही. पाडव्याला तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी निघतात. त्याआधी तुटला नाही तर ऊस जागेवर वाळून सरपण होतो. ती रोज तीर्थपुरीहून जीपनं यायची, कंप्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची आणि दारात उभी राहायची. मी म्हणायचो, बघून राह्यलो काकू. बघत होतो, हे खरं. ती चाळीस दिवसांची अट मी विसरलो होतो असं सांगायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो. पण तिचा काकूशी काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी शेतकी अधिकारी, आमचे साहेब, तिला घेऊन आत आले. तिला खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, कुठं अडकलंय ते प्रिंटरवर काढ, बाईंच्या डोळ्यादेखत. त्यांना घाई, मला धाक. मी सगळ्या चांदण्या एका दमात काढल्या आणि काकूच्या जमिनीचा गट नंबर तेवढा हंगामाच्या सुरुवातीपासून चालवला. प्रिंटर करकरायला लागला.

पहिलं नाव दादांचं आलं. इथं आलो एक, दोन, तीन. पाचवर आल्यावर सातव्या ओळीत काय लिहून ठेवलंय ते मला आठवलं. खिडकी एसीसाठी खिळे मारून बंद केलेली. प्रिंटरचं बटण साहेबांच्या कोपराखाली. सहा. मग सात : दादांचा ऊस, चाळीस दिवस मागे. आठ : गट तुटला.

मग काकूचं नाव आलं. एक, दोन, आणि खलास. दोनवर मी मशीनला विचारायला लावलं होतं, हा गट तुटलाय का? तुटला असेल तर सोड. दादा आणि काका, दोघांची वाटणी तोंडी झालेली. मधे वीस वर्षांचा बांध, पण कागदावर गट एकच. आमच्याकडं कुणाच्या घरात असं नाही? त्या बांधावरच्या बोरी मी लहानपणी झोडपल्यात, आणि प्रोग्राम लिहिताना तोच बांध विसरलो! दादांना पुढं ढकललं नसतं तर काकूचा ऊस आधी तुटला असता आणि अडकले असते दादा.

"काय लिवलंय रं त्यात?" काकूनं विचारलं.

साहेबांनी कागद वाचला होता. ते माझ्याकडं बघत होते.

"आपल्या दोन्ही घरांचा गट एकच हाये ना काकू," मी म्हणालो, "त्यात तुमचा ऊस अडकल्ता."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, याची मला आजही लाज वाटते. साहेबांनी कागद फाडून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि काकूला म्हणाले, उद्या टोळी येईल.

टोळी आली. ऊस निम्मा वाळलेला होता. पाडव्याला काकू राखलेल्या चार सरींची काकवी घेऊन घरी आली. समद्यांनी हरवला, ह्या लेकरानं हुडकून दिला, असं दादांना सांगत तिनं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. दादा खूश.

उन्हाळ्यात मला पुण्याची नोकरी चालून आली. सोडण्याच्या अर्जावर साहेबांची सही लागत होती. ते म्हणाले, तुझा कागद मी जपून ठेवलाय. मी अर्ज परत घेतला. हंगाम सुरू झाला तसं त्यांनी माझ्या टेबलावर पाच बड्या बागायतदारांच्या सभासद नंबरांची चिठ्ठी ठेवली. पाचही मी वर सरकवले. पाचही काकूच्या वर गेले.

त्या साली काकू एकदाही दारात येऊन उभी राहिली नाही. पाडवा आठ दिवसांवर आला, ऊस उभाच होता, आणि तिनं दादांच्या हाती निरोप धाडला, "तू हायेस ना तिथं, मंग मला काय घोर."